बहिरी ससाण्याची वाट

अबू धाबीत ससाणा दिसतो तो बहुधा कुणाच्या तरी हातावर. रानातल्या बहिरी ससाण्याची गोष्ट वेगळी. श्यांगजियांग झान आणि अल रीम आयलंडवरच्या 'रेनेको'चे अँड्र्यू डिक्सन यांच्या चमूने आर्क्टिकमधल्या सहा ठिकाणच्या ५६ पक्ष्यांना उपग्रह-टॅग लावले, ३५ पक्ष्यांचे जीनोम वाचले ('नेचर', २०२१). टॅगने वाटा दाखवल्या: पश्चिमेकडचे पक्षी युरोपात थांबतात, पूर्वेकडचे पार आग्नेय आशिया गाठतात. दूर जाणाऱ्यांत एडीसीवाय-८ या जनुकाचा एक प्रकार ठळक आढळला. हे जनुक दीर्घकालीन स्मृतीशी निगडित आहे. लगेच त्याला 'स्थलांतराचे जनुक' म्हणू नये, एवढेच! खरी काळजी पुढची आहे. तापमान वाढेल तसे पश्चिमेकडच्या ससाण्यांचे विणीचे क्षेत्र आकसेल आणि काहींचे स्थलांतरच थांबेल, असा या चमूचा अंदाज आहे.