जाळ्याला गिऱ्हाईक आहे, तळ्याला नाही

संपादकांना हवा होता मृतांचा सण: नोव्हेंबरच्या सुरुवातीला झेंडूच्या फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जाणारं हानित्सियो बेट. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातलं पात्स्क्वारो हे त्या बेटाच्या तळ्याकाठचं गाव पर्यटकांना त्यासाठीच ठाऊक. सोळाव्या शतकात बिशप वास्को दे किरोगा यांनी आपलं धर्मपीठ इथं आणलं, २००२ मध्ये सरकारने या गावाला ‘जादुई गाव’ ठरवलं. इतिहास एवढा पुरे. माझं मन अडकलं ते जाळ्यात.

लांब दांडा, दोन्ही अंगांना वाकवलेल्या लाकडाच्या लंबगोल चौकटी आणि त्यांत ताणलेलं जाळं. उचललं की फुलपाखराने पंख पसरावेत तसं दिसतं. पुरेपेचा या इथल्या मूळ जमातीचे कोळी ते अरुंद होडीतून पाण्यात बुडवत आणि याच भागातल्या तळ्यांत सापडणारा, जवळजवळ पारदर्शक ‘पांढरा मासा’ वर काढत. १९९०च्या दशकात हे जाळं ५० पेसोंच्या नोटेवरही होतं.

आता बेटाकडे जाणारी लाँच थबकते, होड्या तिच्याभोवती फेर धरतात, जाळी एकदम वर उठतात, फोटो निघतात. मग होडी लाँचला भिडते आणि बक्षिसीसाठी हात पुढे येतो. जाळं रिकामंच असतं. तरी एका म्हाताऱ्याकडे मी बघत राहिलो. पाणी निथळणारे दोन्ही पंख त्याने एका पातळीत उचलले, आणि होडी जराही कलली नाही. मासा नसला तरी हात कोळ्याचाच होता.

मासा का नाही, याचं उत्तर मात्र लांबत जातं. बाहेरून आणून सोडलेले बास, कार्प आणि तिलापिया (आपल्या उजनीतली चिलापी) मूळ माशांवर भारी पडले. डोंगरांवरची झाडं गेली, माती तळ्यात उतरली, वस्त्यांचं सांडपाणीही. झळ माशांपुरती नाही: अचोके हा फक्त याच तळ्यातला सालामांडर तर गावातल्या मठात नन टाक्यांमध्ये वाढवतात. खोकल्याच्या औषधासाठी सुरू झालेल्या त्या कामावर आता त्याची जात तगून राहण्याची बरीच भिस्त आहे. २०२४च्या दुष्काळात पाणी इतकं हटलं की काठ उघडे पडले, आणि त्यातलंच पाणी टँकर चोरून अ‍ॅव्होकाडोच्या बागांना नेत होते. पोलिसांना गस्त घालावी लागली.

पर्यटकांच्या पैशाने जाळं टिकलं, हे खरंच आहे. पण तो पैसा जाळं उचलण्याचा मिळतो, तळं राखण्याचा नाही. अ‍ॅव्होकाडोला बाजारात भाव आहे. तळ्यात राहू दिलेल्या पाण्याला कुणी दाम मोजत नाही. हे असंच चाललं तर त्या म्हाताऱ्याला होडी घालायलाही पाणी उरणार नाही.