आधी प्लग मोजा, मग गाड्या

हिरव्या नंबरप्लेटची दुचाकी आता जव्हार-मोखाड्यात नवलाईची राहिलेली नाही. घर, शाळा, बँक, दुकान असा ज्यांचा रोजचा फेरा ठरलेला आहे, त्यांचं या चार्जिंगच्या गाडीवर बरं चाललं आहे. रात्री पडवीत लावायची, सकाळी काढायची. पण याच मंडळींना विचारा, "गाडीवर कधी त्र्यंबकला जाऊन आलात का?" लगेच उत्तर येतं, "एकट्यानं नको बाबा, घाटात बंद पडली तर?" नाशिक, वसई, ठाण्याकडच्या गाडीमालकांची काळजी याच्या उलट आहे. त्यांना दाभोसा धबधबा पाहायचा असतो, सूर्यमाळला जायचं असतं, पण परतीच्या चार्जिंगचं काय, हा प्रश्न सुटत नाही. दोघांनाही गटानं निघणं सोयीचं आहे. मात्र आपल्या डोंगरात गट जमवायची रीत शहरापेक्षा वेगळी ठेवावी लागते. शहरात माणसं जमतात, मग रस्ता ठरतो. इथे सुरुवात प्लग मोजण्यापासून करावी लागते.

आधी घाटाच्या भीतीचा हिशेब मांडू, कारण ती भीती खरी असली तरी मापापेक्षा मोठी झाली आहे. वीज आपण युनिटमध्ये मोजतो, तर गाडीही त्यातच मोजावी. चांगल्या वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर सपाट रस्त्यावर, आवरून चालवली तर एका युनिटात साधारण 30 किलोमीटर जाते. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचावर आहे आणि मनोर जवळजवळ पायथ्याशी. सव्वाशे किलोची गाडी आणि सत्तर किलोचा माणूस एवढ्या उंचीवर चढवायला, मोटरमधली घट धरूनही, सुमारे 0.3 युनिट वीज जास्तीची लागते. मागे कुणी बसलं असेल तर 0.4. म्हणजे मनोर-विक्रमगड-जव्हार हा अख्खा चढ बॅटरीतून दहा-बारा किलोमीटरच कमी करतो. तीन युनिटच्या बॅटरीला हे झेपतं.

बॅटरी खरी संपते ती वेगानं. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी 40 ऐवजी 60 ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो. एकटा माणूस मोकळा रस्ता दिसला की मूठ पिळतो. गटात पुढची गाडी चाळीसनं चाललेली असते आणि बाकीचे तिच्या मागं राहतात. गटानं निघण्याचा हा फायदा कुणी फारसा सांगत नाही, पण डोंगरात तोच सगळ्यांत मोठा आहे.

उतरताना वेगळं भान हवं. बऱ्याच गाड्यांत उतारावर मोटरच जनित्र होते, गाडीला आवर घालते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर ही परतीची वीज ठेवायला जागाच नसते. मग तो आवर मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून जव्हारहून खाली निघायचं असेल तर गाडी 85-90 टक्क्यांवर काढून घ्यावी. शंभर टक्के भरलेली बॅटरी घाटाच्या तोंडाशी कामाची नाही.

आता दिशांचा प्रश्न. सिन्नर-घोटीकडून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत मनोर-पालघरला उतरणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 160अ आहे. या एकाच रस्त्यानं दोन बाजूंचे लोक जव्हारला येतात आणि त्यांची स्थिती अगदी उलटी असते. किनाऱ्याकडचे चढून येतात, त्यांना परत जाताना उतार. नाशिकचे त्र्यंबकच्या सातशे मीटरच्या वरून तोरंगण घाट उतरून येतात. येताना गाडीवरचा रेंजचा आकडा त्यांना खुशीत ठेवतो, कारण तो नुकत्याच झालेल्या प्रवासावरून हिशेब करतो. परतीला तोच घाट छातीवर येतो. नाशिक-जव्हार अंतर ऐंशीच्या आसपास, म्हणजे परतीला तीन युनिट धरावी लागतात. तेवढी सगळी बॅटरी कुणी संपवू नये, त्यामुळे त्र्यंबकला थांबणं आलंच. दोन्हीकडचे गट जव्हारला एकत्र जेवायला भेटणार असतील, तर प्लगवर पहिला मान नाशिककरांचा. हे आधीच ठरलेलं असलं की वाद होत नाहीत.

आणि प्लग म्हणजे काय, हे जरा जवळून पाहायला हवं. वेगवान चार्जरचे कनेक्टर कंपनीगणिक वेगळे आहेत. एथरनं विकसित केलेल्या कनेक्टरला भारतीय मानक ब्युरोची मान्यता मिळाली, आणखी काही कंपन्या तो वापरतात, पण सगळ्या नाही. चार कंपन्यांच्या गाड्या असलेल्या गटाला डोंगरात भरवशाचं एकच ठिकाण उरतं, ते म्हणजे पंधरा अँपियरचा तीन पिनी सॉकेट. गाडीसोबत मिळणारा चार्जर साधारण 750 वॉट ओढतो. दोन तासांच्या जेवणात सव्वा ते दीड युनिट भरतं, म्हणजे चाळीसेक किलोमीटरची सोय. बॅटरी पूर्ण भरायची तर चार-पाच तास लागतात.

हे झालं एका गाडीचं. आता आठ गाड्या एकाच हॉटेलात पोचल्या असं धरा. आठ गुणिले साडेसातशे म्हणजे सहा हजार वॉट, जवळजवळ 26 अँपियर. खानावळीचा फ्रीज, पंखे, मिक्सर चालूच आहेत. साध्या सिंगल फेज जोडणीवर एवढा भार टाकला की एमसीबी पडतो आणि गावकऱ्यांचं जेवण अंधारात होतं. एमसीबी पडला तर नशीब म्हणायचं. जुन्या घरात तो नसतो, मग बोर्डामागची वायर तापत राहते. प्लगला हात लावून पाहा. कोमट लागला तर चालेल, चटका बसला तर लगेच काढा. अर्थिंग नसेल तर लावूच नका. एक्स्टेन्शन बोर्डाला बोर्ड जोडून चार गाड्या लावणं हा तर जिवाशी खेळ आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की एका मीटरवर दोन, फार तर तीन गाड्या. सहा जणांचा गट असेल तर दोन घरं किंवा दोन खानावळी ठरवा. नागलीची भाकरी आणि आमटी दोन्हीकडे मिळेल, पैसेही दोन घरांत जातील. विजेचे पैसे जेवणाच्या बिलातून वेगळे आणि आधी ठरवून द्या. मोबाईल लावल्यासारखी गाडी फुकट लावून घेणं बरं नाही. ज्यांच्या गाडीची बॅटरी बाहेर निघते, त्यांनी ती आत नेऊन लावावी आणि पडवीतला प्लग इतरांना सोडावा. अ‍ॅपवर दिसणाऱ्या चार्जिंग केंद्रावर विसंबून निघू नका. आदल्या दिवशी फोन करून माणसाचा आवाज ऐका, आणि पावसाळ्यात लाइट आहे का हेही विचारा.

माणसं कुठे मिळतील? शोरूममध्ये गाडीची सर्व्हिसिंग करणाऱ्या मुलाला विचारा. आपल्या भागातले मालक कोण, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्याच्याकडे आपला नंबर देऊन ठेवा. बहुतेक कंपन्यांच्या मालकांचे शहरवार व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत. नाशिक आणि वसई-ठाण्याच्या गटांत आपण जव्हारचे आहोत एवढं सांगितलं तरी चौकश्या सुरू होतील, कारण त्यांना इथला भरवशाचा माणूस हवाच असतो. आणि बाजारात हिरवी प्लेट दिसली की थांबून बोला. एमएच 48 असेल तर आपल्या जिल्ह्याचा, एमएच 15 असेल तर नाशिकचा पाहुणा.

मोठ्या संख्येची वाट पाहू नये. पुण्यात 2011 साली फक्त महिलांसाठी 'बायकर्णी' हा मोटरसायकल गट सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. आपल्या शेजारच्या नाशिकनं सायकलीत काय केलं ते तर डोळ्यांसमोर आहे. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली, तर नाशिक सायक्लिस्ट्सची मंडळी सायकलवरून पंढरपूरची वारी करतात. ज्यांना रस्त्यावर गट सांभाळायची सवय आहे अशी माणसं त्र्यंबकच्या पलीकडेच आहेत. शिकायला दूर जायला नको.

जव्हारमध्ये चार मालक जमले तरी पुरे. महिन्यातला एक रविवार आणि एसटी डेपोची जागा पक्की करा, आणि पाऊस नसेल तर तो रविवार चुकवू नका. कोणी येवो न येवो, दोन गाड्या निघाल्याच पाहिजेत. तारीख पुढे ढकलत राहिलेले गट पहिल्या दिवाळीतच विरतात. पहिली सहल लहान ठेवा. सुरतेच्या 1664 च्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले ते शिरपामाळ आणि हनुमान पॉइंट एवढं पुरे आहे. दुसऱ्या वेळी वीसेक किलोमीटरवरचा दाभोसा. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ तिसऱ्या-चौथ्या वेळी, तोवर कुणाची गाडी एका युनिटात खरोखर किती जाते हे वहीत उतरलेलं असेल. कंपनीनं सांगितलेला आकडा त्या वहीत लिहू नका, आपल्या रस्त्यावरचा लिहा. सोबत रक्तगट आणि घरचा नंबर.

सर्वांत कमी रेंजची गाडी पुढून दुसरी ठेवा, म्हणजे वेग तिच्या बेतानं राहतो. शेवटची गाडी अनुभवी माणसाची, आणि तिच्यापुढे सगळे आहेत हे प्रत्येक फाट्यावर थांबून मोजायचं. मोखाड्याच्या बऱ्याच भागात मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे फोन करून विचारू हा भरवसा नको. बिगर-नोंदणीच्या, ताशी 25 किलोमीटरच्या आणि अडीचशे वॉटच्या गाड्या घाटात नेऊ नका. बऱ्यापैकी चढावर त्या जेमतेम आठ-दहाच्या वेगानं सरकतात आणि मागून ट्रक येतो. त्यांच्या मालकांसाठी जव्हारच्या माळावरची वेगळी सकाळ ठरवावी, त्यांना वगळू नये.

या गाड्या आवाज करत नाहीत, हे विसरू नये. वळणापलीकडे डोक्यावर हंडा घेतलेली बाई असते, शेळ्या असतात, आश्रमशाळेची पोरं असतात. त्यांना मागून येणारी गाडी ऐकूच येत नाही. प्रत्येक वळणावर हॉर्न द्या आणि वस्तीत वेग वीसवर आणा. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. एप्रिल-मे मध्ये पिण्याचं पाणी घरूनच न्या, पाड्यावर मागू नका. दाभोसा, काळमांडवीला पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, ते पाळा. धुक्यात गट लांबतो, म्हणून भर पावसाचे दोन महिने मोठ्या सहली नकोतच. भिजलेल्या गाडीचं चार्जिंगचं तोंड कोरडं पुसल्याशिवाय प्लग लावू नका.

दिवाळी ते होळी हा आपला खरा हंगाम. होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव बोहाडे सुरू होतात, तारखा प्रत्येक गावाच्या वेगळ्या. देवदेवतांचे मोठे मुखवटे घालून रात्रभर निघणारी सोंगं पाहायला नाशिक-ठाण्याच्या गटांना बोलवायचं असेल तर मुक्कामच ठेवावा, रात्री घाटात उतरू नये. सहा गाड्यांना तीन प्लग पुरतात. पहिल्या तीन गाड्या रात्री नऊला लावायच्या, दीडला काढून दुसऱ्या तीन लावायच्या. बोहाडा पाहायला आलेली माणसं दीड वाजता जागीच असतात.