मावसभावाला मराठी कोण शिकवणार?

मुलांनो, तुमचा एखादा मावसभाऊ अमेरिकेत असेल. फोनवर आजीचं सगळं त्याला कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत! नावं ठेवू नका हं त्याला. दिवसभर कानांवर इंग्रजीच पडतं ना!

मग आई-बाबा मराठी गाण्यांचे व्हिडिओ लावून देतात. तेवढ्यानं भागतं? सिएटलच्या पॅट्रिशिया कुल यांचा एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं खेळली, पुस्तकं वाचून दाखवली. अवघ्या १२ बैठका! बाळांना चिनी उच्चारांतले बारीक फरक ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तेच टीव्हीवर दाखवलं. काही उपयोग झाला नाही.

मोठ्या मुलांचंही तसंच असावं. माझ्या वर्गात परप्रांतातून आलेलं मूल पाठांआधी मधल्या सुट्टीत मराठी शिकतं!

अमेरिकेत बऱ्याच गावांत मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरवतात. शिकवणारे बहुधा पालकच. तिथे ‘ळ’ गिरवायला मिळतो, आणि मराठी बोलणारा दोस्तही.

तुम्हीसुद्धा पुढच्या फोनवर त्याला एक कोडं घाला. ‘चिमणी आला’ म्हणाला तर हसू नका. ‘हो, चिमणी आली!’ म्हणा आणि पुढे बोलत राहा.