एका शुक्राणूला एक मुलगी

लांबी अर्धा मिलिमीटर. ट्रायकोग्रामा या परोपजीवी गांधीलमाश्या रांगेने मांडल्या तर 1 सेंटिमीटरात 20 मावतात. उसावरच्या खोडकिडीच्या अंड्यात मादी आपलं अंडं घालते आणि आतली अळी किडीचं अंडं पोखरून वाढते. म्हणूनच शेतकरी उसाच्या पानाला ट्रायकोकार्ड टाचतात. एका कार्डावर आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली सुमारे 20,000 अंडी चिकटवलेली असतात.

या सगळ्या फौजेचं भवितव्य नराच्या शुक्राणूंवर अवलंबून असतं. माणसाच्या एका वीर्यस्खलनातल्या शुक्राणूंची जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली खालची मर्यादा आहे 3.9 कोटी. या इवल्या नराचा हिशोब मात्र शेकड्यांत आटोपतो. मादी ते शुक्राणू साठवून ठेवते आणि जपून खर्च करते. अंडं घालताना शुक्राणू सोडला तर मुलगी, रोखला तर मुलगा. म्हणजे नराला बाप नसतो, फक्त आईकडचा आजोबा असतो. त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो. माणसाच्या 23 जोड्यांतून शुक्राणूंत 83,88,608 वेगवेगळे मेळ बसू शकतात. पुराणातल्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या जवळपास. या नराच्या शुक्राणूंत मेळ एकच.

आता गुणाकार करू. एका मादीने 50 अंडी घातली आणि त्यांतून 40 मुली झाल्या असं धरा. सगळ्या जगल्या तर दुसऱ्या पिढीत 1,600 आणि तिसऱ्या पिढीत 64,000 मुली होतील. एका पिढीला लागतात जेमतेम आठ-दहा दिवस, म्हणजे हे सगळं महिनाभरात.

त्याच मादीला शुक्राणू संपलेला नर भेटला तर? असे नर मिलन थांबवत नाहीत. मादी अंडी तेवढीच घालते, पण 50 च्या 50 मुलगे. मुलगे किडीची अंडी शोधत नाहीत. 64,000 च्या जागी शून्य.

उष्णतेनेही शुक्राणू घटू शकतात. धान्यातल्या किड्यांवर जगणाऱ्या एका गांधीलमाशीवर फ्रान्समध्ये प्रयोग झाले. कोषात असताना कडक उष्णता सोसलेले नर जगले, त्यांनी मिलनही केलं. पण त्यांचे शुक्राणू बरेच घटले होते.

म्हणून कार्ड आणलंत की उन्हात, तापलेल्या गाडीत ठेवू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा आणि त्या दिवसांत कीटकनाशक फवारू नका.