स्पर्शपटलांच्या प्रतिसादकालाची तुलना

१. प्रश्नाचे स्वरूप

बोटाने पटलास स्पर्श करावा आणि पटलावरील चित्राने तत्क्षणी प्रतिसाद द्यावा, अशी अपेक्षा स्मार्टफोन व टॅबलेट वापरणारा प्रत्येक मनुष्य बाळगीत असतो. प्रत्यक्षात तत्क्षणी असे काहीच घडत नाही. स्पर्श आणि त्याचा दृश्य परिणाम यांच्यामध्ये काही काळ जातोच. या कालावधीस प्रतिसादकाल असे म्हणता येईल. तो सेकंदाच्या सहस्रांशांत, म्हणजे मिलिसेकंदांत, मोजतात. एका कंपनीचा फोन ‘चपळ’ आणि दुसरीचा ‘जड’ हे बाजारातील मत बहुतांशी या काळाच्या अनुभवावरूनच बनलेले असते.

हे मत अंकांनी तपासण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत झाले. त्यांतून आलेले अंक वृत्तपत्रांतून व जाहिरातींतून फिरू लागले की, त्यांवरून कोणते यंत्र श्रेष्ठ याचा निवाडा सहज केला जातो. परंतु असा अंक नेमके काय मोजतो, आणि दोन अंकांतील कोणता भेद खरा मानावा, हे प्रश्न निवाड्यापूर्वीचे आहेत. ते सोडविल्यावाचून केलेली तुलना एखाद्या कंपनीवर अन्याय करील किंवा ग्राहकाची दिशाभूल करील. प्रस्तुत लेखात २०१३ मधील एका प्रसिद्ध मापनाच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

२. प्रतिसादाची साखळी

आजच्या फोनांतील स्पर्शपटल विद्युत्-धारितेच्या तत्त्वावर चालते. या तत्त्वावरील पटलाचे वर्णन इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणारे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले होते. आजच्या पटलात काचेखाली पारदर्शक वाहकांच्या आडव्या व उभ्या रेषांचे जाळे असते. बोट जवळ आले की, त्या ठिकाणी दोन रेषांमधील धारिता किंचित बदलते. नियंत्रक हे सर्व जाळे ठराविक वारंवारतेने तपासतो. बदल आढळल्यास त्यातील विद्युत्-गोंगाट गाळून तो स्पर्शाचे स्थान ठरवितो आणि ते मुख्य प्रोसेसरला कळवितो.

येथून पुढे कार्यप्रणालीचे काम सुरू होते. ती हा स्पर्श संबंधित ॲपकडे पोचविते, ॲप नवे चित्र तयार करते, ते इतर चित्रांशी जोडून पटलाकडे पाठविण्याच्या रांगेत ठेवले जाते, आणि पटल आपल्या पुढील आवर्तनात ते वरून खाली ओळीओळीने उमटविते. शेवटी पटलावरील बिंदूंनी आपला प्रकाश बदलण्यासही काही काळ लागतो.

म्हणजे ज्यास ‘स्पर्शपटलाचा वेग’ म्हटले जाते, त्यात पटलाचा वाटा केवळ आरंभी व अखेरीस आहे. मधला मोठा भाग कार्यप्रणालीचा व ॲपचा आहे. म्हणूनच २०१२ मध्ये अँड्रॉइडच्या ४.१ या आवृत्तीत चित्रांची तयारी पटलाच्या आवर्तनाशी जुळवून घेण्यात आली आणि स्पर्श होताच प्रोसेसरचा वेग वाढविण्याची व्यवस्था करण्यात आली, तेव्हा काच न बदलता प्रतिसाद सुधारला.

३. २०१३ चे मापन

सप्टेंबर २०१३ मध्ये ॲगावी या अमेरिकन कंपनीने निरनिराळ्या फोनांच्या प्रतिसादकालाचे मापन प्रसिद्ध केले. पद्धती साधी होती. स्पर्श होताच सर्व पटल पांढरे करणे एवढेच काम करणारे एक लहान ॲप प्रत्येक फोनसाठी लिहिण्यात आले. स्पर्शाचा क्षण दर्शविण्यासाठी दाब पडताच पेटणारा दिवा वापरण्यात आला. दिवा व पटल या दोहोंचे चित्रण जलदगती कॅमेऱ्याने करून, दिवा पेटल्यापासून पटल पांढरे होईपर्यंत किती चित्रे गेली हे मोजण्यात आले. या पद्धतीची अचूकता अधिकउणे ४ मिलिसेकंद असल्याचे कंपनीने सांगितले होते.

आलेले अंक पुढीलप्रमाणे होते : आयफोन ५ – ५५ मिलिसेकंद, आयफोन ४ – ८५, सॅमसंग गॅलॅक्सी एस ४ – ११४, नोकिया ल्युमिया ९२८ – ११७, एचटीसी वन – १२१ आणि मोटो एक्स – १२३. पुढील महिन्यात टॅबलेटांचे अंक प्रसिद्ध झाले. त्यांत आयपॅड मिनीचा प्रतिसादकाल ७५ आणि चौथ्या पिढीच्या आयपॅडचा ८१ मिलिसेकंद होता.

या अंकांतून एक गोष्ट निःसंशय दिसते. आयफोन ४ हा २०१० मधील, एकाच गाभ्याच्या प्रोसेसरचा फोन होता. तीन वर्षांनंतर आलेले, कित्येक पटींनी शक्तिमान प्रोसेसर असलेले प्रतिस्पर्धी फोन त्याहून जवळजवळ ३० मिलिसेकंदांनी मागे पडले. टॅबलेटांतही आयपॅड मिनीचा प्रोसेसर चौथ्या आयपॅडच्या मानाने जुना होता. तरी तो प्रतिसादात मागे नव्हता. अर्थात प्रतिसादकाल प्रोसेसरच्या वेगाने ठरत नाही. साखळीतील प्रत्येक दुव्यावर किती काळ प्रतीक्षा करावी लागते, यावर तो मुख्यतः ठरतो.

मात्र ही प्रतीक्षा कोणत्या दुव्यावर झाली, हे या मापनावरून सांगता येत नाही. पटलाची जुळवणी अधिक चांगली असणे आणि ॲपची भाषा यंत्राच्या अधिक निकट असणे अशी दोन्ही कारणे त्या वेळी पुढे आली. दोन्ही संभवनीय आहेत. परंतु सुरुवातीचा व शेवटचा क्षण एवढेच मोजणाऱ्या प्रयोगातून मधल्या दुव्यांचा वेगवेगळा हिशेब निघणे शक्य नाही. ‘अमुक फोनचे पटल मंद आहे’ हे विधान या अंकांतून सिद्ध होत नाही. ‘अमुक फोनची सर्व साखळी मंद आहे’ एवढेच सिद्ध होते.

४. अंकांतील अनिश्चितता

दुसरा प्रश्न अंकांतील भेदांचा. पटलाचे जाळे सेकंदास ६० वेळा तपासले जाते असे धरल्यास, दोन तपासण्यांमध्ये १६.७ मिलिसेकंदांचे अंतर राहते. बोट या अंतरात केव्हाही टेकू शकते. तपासणीच्या लगेच आधी टेकले तर प्रतीक्षा शून्य, लगेच नंतर टेकले तर १६.७ मिलिसेकंद, आणि सरासरीने ८.३ मिलिसेकंद. हीच गोष्ट पटलाच्या आवर्तनाची. दोन्ही चक्रे परस्परांशी जुळविलेली नसतील, तर केवळ या दोन कारणांनी एकाच फोनवरील दोन स्पर्शांच्या प्रतिसादकालात ३३ मिलिसेकंदांपर्यंत फरक पडू शकतो.

अशा एका प्रतीक्षेचे प्रमाण विचलन, चक्राच्या कालावधीस १२ च्या वर्गमुळाने भागून, सुमारे ४.८ मिलिसेकंद येते. दोन स्वतंत्र प्रतीक्षांचे मिळून ६.८. यावरून असे दिसते की, एकदोन स्पर्शांवर आधारलेल्या तुलनेस काहीच अर्थ नाही. परंतु २५ स्पर्शांची सरासरी घेतल्यास तिचे विचलन सुमारे १.४ मिलिसेकंदांपर्यंत उतरते. तरीही सर्व निरीक्षणांत सारखीच राहणारी चूक सरासरीने नाहीशी होत नाही. उदाहरणार्थ, पटल वरून खाली उमटत असल्यामुळे खालची कड वरच्या कडेहून जवळजवळ एक आवर्तन उशिरा उजळते. निरीक्षकाने एका फोनची वरची कड आणि दुसऱ्याची खालची कड पाहिली, तर १६ मिलिसेकंदांचा कृत्रिम भेद निर्माण होईल.

या दृष्टीने वरील अंक पुन्हा पाहावेत. आयफोन ५ व गॅलॅक्सी एस ४ यांच्यातील ५९ मिलिसेकंदांचा भेद अशा कोणत्याही चुकीच्या आवाक्याबाहेरचा आहे. आयफोन ४ व गॅलॅक्सी एस ४ यांच्यातील २९ मिलिसेकंदांचा भेदही खरा मानण्यास हरकत नाही. परंतु ११४, ११७, १२१ व १२३ या अंकांत शेजारच्या दोन अंकांमधील अंतर २ ते ४ मिलिसेकंदांचे, म्हणजे मापनाच्या अचूकतेइतकेच किंवा त्याहून कमी आहे. त्या चार फोनांना दुसरा, तिसरा असे क्रमांक देणे योग्य नव्हे. ते एकाच वर्गात बसतात. आयपॅड मिनी व चौथा आयपॅड यांच्यातील ६ मिलिसेकंदांच्या भेदासही याहून अधिक महत्त्व देऊ नये.

५. टिचकी आणि ओढ

तिसरा प्रश्न मनुष्याच्या संवेदनेचा. टोरोंटो विद्यापीठातील जोनाथन डेबर व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पटलावर बोटाने टिचकी मारताना सरासरी ६९ मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब लक्षात येत नाही, परंतु पटलावरील वस्तू बोटाने ओढताना अवघा ११ मिलिसेकंदांचा विलंबही जाणवतो, असे आढळले.

या मोठ्या तफावतीचे कारण उघड आहे. टिचकीत मनुष्यास दोन क्षणांमधील काळ ओळखावा लागतो. ओढीत तो काळ अंतराच्या रूपाने डोळ्यांपुढे उभा राहतो. बोट सेकंदास १० सेंटिमीटर वेगाने सरकत असता १०० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे वस्तू बोटामागे पूर्ण एक सेंटिमीटर राहणे होय. ५५ मिलिसेकंदांस हे अंतर साडेपाच मिलिमीटर होते, तर ११ मिलिसेकंदांस एका मिलिमीटरहून किंचित अधिक.

२०१३ च्या मापनात केवळ टिचकीचाच विचार झाला होता. त्या दृष्टीने आयफोन ५ संवेदनेच्या सीमेच्या आत आणि इतर सर्व फोन बाहेर, असे स्थूलमानाने म्हणता येईल. परंतु जो मनुष्य पटलावर लिहितो किंवा चित्र काढतो, त्याच्या गरजेविषयी त्या क्रमवारीतून फारसे कळत नाही. देवनागरी लेखनाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. शब्द पूर्ण झाल्यावर त्यावर शिरोरेखा ओढताना हात एकाच दिशेने, बऱ्याच वेगाने सरकतो आणि शेवटच्या अक्षरावर एकदम थांबतो. रेघ बोटामागे राहिली, तर ती नेमकी कोठे संपते आहे हे लिहिणाऱ्यास थांबल्यानंतरच कळते. टिचकीस उत्तम ठरलेले यंत्र या कामास अपुरे पडू शकते.

हा विलंब झाकण्यासाठी काही यंत्रांत पुढील मार्गाचा अंदाज बांधून रेघ बोटाच्या किंवा लेखणीच्या पुढे काढली जाते. २०१९ मध्ये ॲपलने आपल्या लेखणीचा विलंब २० वरून ९ मिलिसेकंदांवर आल्याचे जाहीर केले. त्यात अशा अंदाजाचाही वाटा होता. सरळ व एकसमान गतीत अंदाज बरोबर ठरतो; हात एकदम थांबला किंवा वळला की तो चुकतो व मागाहून सुधारावा लागतो. त्यामुळे अंदाजासह व अंदाजावाचून मोजलेले अंक एकाच रकान्यात मांडणे योग्य नाही.

६. अचूकतेचा प्रश्न

प्रतिसाद जलद असून चुकीच्या जागी आला, तर त्याचा उपयोग नाही. जानेवारी २०१० मध्ये मोटो डेव्हलपमेंट ग्रुप या अमेरिकन संस्थेने चार फोनांवर तिरप्या सरळ रेघा हळूहळू ओढून पाहिल्या. आयफोनवर रेघा बऱ्याच सरळ आल्या. मोटोरोला ड्रॉइडवर त्या पायऱ्यापायऱ्यांच्या उमटल्या. हा दोष काळाचा नसून स्थाननिश्चितीचा होता.

येथेही निष्कर्ष काढताना सावधगिरी हवी. ऑक्टोबर २०१३ मध्ये ऑप्टोफिडेलिटी या फिनलंडच्या कंपनीने यंत्राच्या बोटाने केलेल्या परीक्षेत आयफोन ५ एस व ५ सी हे गॅलॅक्सी एस ३ च्या मानाने कडांजवळ कमी अचूक दिसले. त्यावर असा आक्षेप घेण्यात आला की, मनुष्य फोन हातात धरून तिरक्या नजरेने पाहतो व अंगठा तिरका टेकवितो. त्यामुळे स्पर्शाचे स्थान मुद्दाम थोडे सरकवून घेतले असल्यास, सरळ वरून येणाऱ्या यंत्राच्या बोटास ती चूक वाटेल. या आक्षेपातील मुद्दा सर्वच परीक्षांना लागू आहे. यंत्राने केलेली परीक्षा पुनःपुन्हा सारखीच होते हा तिचा गुण. परंतु ती मनुष्याच्या वापरासारखी असेलच असे नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तुलनेच्या काही अटी निश्चित करता येतात. पहिली, मापन कोणत्या क्षणी सुरू झाले व पटलाच्या कोणत्या भागावर संपले हे सांगितलेले असावे. दुसरी, टिचकी व ओढ यांचे अंक वेगळे द्यावेत. तिसरी, केवळ सरासरी न देता निरीक्षणांची संख्या व विचलनही द्यावे. चौथी, जाळे तपासण्याची वारंवारता आणि पटलाच्या आवर्तनाची वारंवारता यांत गल्लत करू नये. २०१७ च्या आयफोन एक्समध्ये पहिली १२० हर्ट्झ व दुसरी ६० हर्ट्झ होती, आणि ‘१२० हर्ट्झ’ एवढ्याच उल्लेखातून त्यांतील कोणती अभिप्रेत आहे ते कळत नाही.

या अटी पाळणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. गूगलच्या क्रोमियम प्रकल्पातील अभियंत्यांनी तयार केलेल्या वॉल्ट या उपकरणाची रचना सर्वांस खुली आहे; स्पर्शाचा धक्का ओळखणारा संवेदक व पटलाचा उजेड ओळखणारा प्रकाश-संवेदक यांच्या साहाय्याने साखळीतील दुवे पुष्कळ अंशी वेगवेगळे मोजता येतात. विद्यापीठाच्या सामान्य प्रयोगशाळेतही असे उपकरण जुळविता येण्यासारखे आहे. ज्या संस्थांस लेखनासाठी किंवा परीक्षेसाठी मोठ्या संख्येने टॅबलेट घ्यावयाचे असतील, त्यांनी जाहिरातीतील एका अंकावर विसंबण्यापेक्षा, जे काम त्या यंत्राकडून करून घ्यावयाचे तेच काम करताना त्याचा विलंब मोजून पाहावा, हेच अधिक श्रेयस्कर होय.