पाच जणांचा अजब खेळ

कागद-पेन्सिल घेतलीस, दोस्ता? चल, चीनला जाऊ!

कागदावर मोठ्ठं वर्तुळ काढ. त्याच्या कडेवर सारख्या अंतरानं पाच टिंबं दे. आता ओळीनं नावं लिही: लाकूड, आग, माती, धातू, पाणी.

ही चीनची पंचतत्त्वं! आपल्या पंचमहाभूतांत पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश आहेत. चिनी यादीत वायू नाही, आकाशही नाही. तिथे चक्क लाकूड आणि धातू!

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यांना वाटायचं, बाहेर निसर्गात जे चालतं तेच आपल्या अंगातही चालतं. मग त्यांनी अवयव वाटून टाकले. यकृत लाकडाकडे, हृदय आगीकडे, प्लीहा मातीकडे, फुप्फुसं धातूकडे, मूत्रपिंडं पाण्याकडे. चवीसुद्धा वाटल्या बरं का! आंबट लाकडाची, कडू आगीची, गोड मातीची, तिखट धातूची, खारट पाण्याची.

आता एका टिंबावरून शेजारच्या टिंबावर जा. लाकडामुळे आग पेटते. आग विझली की राख उरते, म्हणजे मातीच. मातीतून धातू निघतो. आणि धातूतून पाणी? ते कसं बुवा?

स्टीलच्या पेल्यात बर्फ टाक आणि जरा थांब. पेल्याला बाहेरून थेंब! खरं तर ते पाणी हवेतल्या वाफेचं. पण गार धातूवर दव जमतं, हे त्या लोकांनी नेमकं टिपलं होतं. मग पाण्यावर झाड वाढतं. झालं पुन्हा लाकूड!

आता एकेक टिंब सोडून उडी मार. दगड-कागद-कात्री ठाऊक आहे ना? तस्संच! लाकूड मातीवर मात करतं, कारण मुळं जमीन फोडतात. माती पाण्याला बांध घालते. पाणी आग विझवतं. आग धातू वितळवते. धातूची कुऱ्हाड लाकूड तोडते. पेन्सिल न उचलता या उड्या जोड बरं... अय्या, चांदणी!

म्हणजे प्रत्येकानं एकाला वाढवायचं आणि एकाला आवरायचं. पाचांत राजा कुणीच नाही!

आता वैद्यबुवांची शक्कल ऐक. लाकूड अशक्त झालं, तर बळ कुणाला द्यायचं? लाकडाला? छे! पाण्याला! कारण पाणी ही लाकडाची आई. आई सुधारली की लेकरू सुधारतं, असा त्यांचा नियमच होता. दुखणं यकृताचं आणि औषध मूत्रपिंडाला!

या पाचांच्या सोबतीला असतात यिन आणि यांग. डोंगराची सावलीतली बाजू यिन, उन्हातली यांग. गारवा, अंधार, विश्रांती म्हणजे यिन. ऊब, उजेड, धावपळ म्हणजे यांग. पण गंमत अशी, की सकाळी उन्हात असलेला उतार संध्याकाळी सावलीत जातो! म्हणून कायमचं यिन नाही आणि कायमचं यांगही नाही. अंगात यांग फार झालं तर कलिंगडासारखं थंड खायचं. यिन फार झालं तर आल्यासारखं उष्ण. आपल्याकडेही कलिंगड थंड आणि आलं उष्णच मानतात की!

मग हे सगळं खरं का? हृदयात आग नसते आणि फुप्फुसं धातूची नसतात. पुष्कळ आजार जंतूंमुळे होतात, हे तर फार नंतर कळलं. निसर्ग बघून जुन्या माणसांनी बांधलेला तो अंदाज होता.

पण तिथल्या जुन्या पुस्तकांत झाडपाल्याची माहितीही खूप होती. चीनच्या संशोधक तू योयो यांनी सुमारे 1600 वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकात हिवतापावरचा उपाय वाचला. चिंगहाव नावाची वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. उकळायचं नावच नाही! त्यांच्या डोक्यात चमकलं: उष्णतेनं औषध बिघडत असेल का?

त्यांनी कमी तापमानात अर्क काढला. आधी प्राण्यांवर तपासला. मग काय केलं असेल? 1972 मध्ये स्वतःच घेऊन पाहिला! त्यानंतरच तो रुग्णांना दिला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे औषध हाती आलं आणि 2015 मध्ये तू योयो यांना नोबेल मिळालं. आज जगभर हिवतापावर ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या कितीतरी गोळ्यांत याच औषधाची भावंडं असतात!