वार्धक्यातील मूक छळ

आमच्या हिवरा आश्रमी विवेकानंद-जयंतीच्या महापंगतीत मुले वृद्धांस हात धरून आणतात. घरी परतल्यावर तोच हात मिळतो काय?

१९६३ साली अमेरिकेतील डॉक्टर कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनी परावलंबन मोजण्यास सहा नित्यकर्मे निवडली : स्नान, वस्त्रे नेसणे, शौचास जाणे, अंथरुणावरून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि भोजन. यांतील एक जरी अडले, तरी माणूस दुसऱ्याच्या मर्जीवर येतो. उपेक्षेस तेथेच वाट सापडते. छळास मारहाणच हवी असे नाही. रात्री कोणास उठवावे लागू नये म्हणून म्हातारी सायंकाळपासूनच पाणी पिणे सोडते. पूर्वी कोणी तिच्यावर खेकसलेले असते, ते ती विसरत नाही.

२००७ च्या कायद्यान्वये, स्वतःचा निर्वाह न चालणाऱ्या आईबापांस न्यायाधिकरणापुढे पोटगी मागता येते. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १४५६७ या क्रमांकावर साह्यही मिळते. परंतु ज्यास उंबरठा ओलांडवत नाही, त्याने कोठे दाद मागावी? म्हणून आज निजण्यापूर्वी आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा, आणि "रात्री हाक मारण्यास संकोचू नकोस," एवढे तिला सांगा.